मुद्दा क्रमांक नऊ

३० ऑक्टोबर २०१७, सोमवार. मूर्तिजापूर

प्रिंटर आला. कुरिअरवाल्याने सही मागितली. निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी कुणीतरी माझी सही मागितली, म्हणून खिशातला पेन काढला. तो म्हणाला, "काका, पेन नाई लागत, मोबाइलवर बोट फिरवा." बोट फिरवलं. सही शेणावरून घसरल्यासारखी आली. असे व्यवहार पुढे कोर्टात टिकत नाहीत.

रेकॉर्डसाठी पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. ३१ मे रोजी मी तहसील ऑफिसच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालो. एकतीस वर्षं. त्याच दिवशी पहाटे अमरावतीहून सुगतचा, म्हणजे जावयाचा फोन. आमच्या पिंकीला बाळंतपणासाठी ॲडमिट केलंय. पत्नी कौशल्या पहिल्या गाडीने गेली. मी निरोप समारंभ आटोपून संध्याकाळी जाणार होतो. समारंभ लांबला. दुसऱ्या दिवशी शाली आणि नारळ आवरायचे होते. तिसऱ्या दिवशी फोन केला तर तिकडचा सूरच बदललेला. मुलगी झाली, सिझर झालं, एवढं सांगून कौशल्याने फोन ठेवला. म्हटलं, ठीक. बोलावतील तेव्हा जाऊ.

बोलावलं. नाही असं नाही. पण व्हॉट्सॲपवर. नातीच्या नामकरणाचं आमंत्रण म्हणजे दोन फुगे आणि एक हत्ती. मी अशा चित्राला आमंत्रण मानत नाही. नावंही मी अकरा सुचवली होती, अकारविल्हे. त्यांनी 'मैत्री' ठेवलं. यादीत नव्हतं.

कौशल्या दोन महिन्यांसाठी गेली होती. हा पाचवा संपतोय. मला एकटं वगैरे वाटत नाही. उलट कामाला मोकळीक मिळते. म्हणून प्रिंटर घेतला. ज्या घरातून छापील कागद जातो, त्या घराला लोक गांभीर्याने घेतात.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

वायरलेस आहे म्हणून घेतला. खोक्यातून वायर निघाली. तक्रारीचा मसुदा केला. मग पुस्तिकेत वाचलं की वीज तरी वायरनेच येते. मसुदा रद्द.

पुस्तिका चौदा भाषांत. मराठी नाही. याबद्दल वेगळं पत्र.

प्रिंटर लहान आहे, दोन डब्यांच्या टिफिनएवढा, पण पॅकिंग असं की जणू पळून जाणार होता. जिकडेतिकडे केशरी टेपा. सोळा काढल्या. शाईची दोन नळकांडी बसवली, एक काळं, एक रंगीत. झाकण लावल्यावर आत काहीतरी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरलं, घशात अडकल्यासारखं केलं, आणि गप्प झालं. निळा दिवा लुकलुकतोय. म्हणजे तयार आहे.

जेवणाचं टेबल आता ऑफिस टेबल. जेवण ओट्याशी उभ्याने. वेळ वाचतो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

लुकलुकणारा दिवा म्हणजे तयार नव्हे. शोधतोय. वायफाय शोधतोय. माझ्या घरात वायफाय नाही. ही गोष्ट खोक्यावर ठळक लिहायला हवी होती.

शेजारी हुसेनभाई. त्यांचा गादीचा कारखाना, घर मागे. त्यांच्या घरी वायफाय आहे, कारण त्यांची मुलगी सबीहा अकोल्याच्या कॉलेजात शिकते. गेलो. हुसेनभाई रिकाम्या पिंजण मशीनवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "या खंडारे साहेब. औंदा गाद्या कोन भरून रायलं? लोकाचा कापूस अळीनं खाल्ला, लग्नं पुढं ढकलून रायले." मी सहानुभूती व्यक्त केली आणि पासवर्ड मागितला.

सबीहा आली आणि तिने मला सहकार्य केलं. म्हणजे मी उभा राहून सूचना देत होतो आणि ती करत होती. दहा मिनिटांत झालं. अडचण एकच. त्यांचं वायफाय भिंतीतून फक्त स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत येतं, जिथे कौशल्याची पिठाची कोठी आहे. सबीहा म्हणाली, "चाचा, यहीं रख दो." प्रिंटर कोठीवर ठेवला. उंची योग्य आहे.

टेबल पुन्हा रिकामं झालं. जेवण उभ्यानेच चालू ठेवलं. एकदा घेतलेला निर्णय लगेच बदलू नये.

५ नोव्हेंबर, रविवार

पहिली प्रिंट. पिंकीने नातीचा फोटो पाठवला होता तो काढला. फोटोत आडवे पांढरे पट्टे, आणि चेहरा हिरवट. नातीला अजून प्रत्यक्ष पाहिलं नसल्याने मूळ रंगाशी ताडून पाहता आलं नाही. पण इतकी हिरवी नसावी. आमच्याकडे कुणी नाही.

तरी फ्रिजवर लावला. फ्रिजचा रंग फिका असल्याने फरक फार जाणवत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

आता मुख्य कामाला हात. कौशल्याला लेखी खुलासा पाठवायचा. फोनवर मुद्दे निसटतात. ती मध्येच म्हणते, "जेवले का?" आणि मी म्हणतो, हो. मग विषय संपतो.

जा.क्र. १/२०१७. विषय : दि. ३१ मे रोजीच्या अनुपस्थितीबाबत. संदर्भ : आपले वेळोवेळीचे दूरध्वनी. एकूण अकरा मुद्दे. (१) समारंभाची तारीख शासकीय होती, माझ्या हातात नव्हती. (२) बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्याची सांगितली होती. (३) आपण स्वतः समारंभास गैरहजर होतात याकडेही लक्ष वेधण्यात येते. असे आठपर्यंत. पक्के झालेत. कुणी बोट ठेवणार नाही.

मुद्दा नऊ नाजूक आहे. तिथे मी थोडं पडतं घेणार आहे. माणसाने मोठं मन दाखवावं. तो उद्या.

१५ नोव्हेंबर, बुधवार

खुलासा छापला. दोन पानं. एक ओळ उमटते, एक गायब. तीनदा 'क्लीनिंग' केलं. शाई तेवढी कमी झाली. सबीहाला विचारावं तर ती परीक्षेला अकोल्याला.

विचार केला, सुज्ञ माणूस संदर्भाने समजून घेतो. कौशल्या चौथी शिकलेली असली तरी एकतीस वर्षं माझ्याबरोबर राहिली आहे. अर्धं बोललेलं तिला कळतं. पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसह. काउंटरवरच्या माणसाने पत्ता वाचून विचारलं, "मॅडम अमरावतीले असते का?" म्हटलं, तात्पुरत्या.

मुद्दा नऊ वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी येणार हे नक्की. तो मी फार मनापासून लिहिला.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

पोचपावती आली. तिची सही. 'कौश' एवढंच आणि पुढे रेघ. घाईत असावी. मांडीवर मूल असेल. फाइल केली.

उत्तर सात दिवसांत अपेक्षित.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिंटर नुसता बसून राहिला तर शाई सुकते असं पुस्तिका म्हणते. म्हणून लोकसेवा. दारावर बोर्ड : 'येथे अर्ज तपासून विनामूल्य छापून मिळतील. वेळ ११ ते ५. भोजन १.३० ते २.' बोर्ड हाताने लिहिला, कारण छापलेल्यातून 'विनामूल्य' गायब होत होतं.

आज पहिलं प्रकरण. बेबीताई, राहणार जवळच्याच खेड्यात. कपाशीची बोंडं अळीने आतून पोखरली, पंचनामा करावा म्हणून तलाठ्याला अर्ज. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर लिहून दिलेला. वाचला. सात त्रुटी. 'माननीय' चुकीचं. गट नंबर दोनदा. 'अळीनं वाट लावली' ही भाषा अर्जात चालत नाही. एकेक समजावून दिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. म्हणाली, "भाऊ, मले फक्त छापून पाह्यजे. दोनची एसटी हाय." मी म्हटलं, त्रुटी असलेला अर्ज परत येतो, मग तुम्हालाच हेलपाटा. एकतीस वर्षं मी असे अर्ज परत केलेत.

 तिने विचारलं, "ते लोक वापस आले का मंग?"

असा आढावा आम्ही घेत नव्हतो.

सुधारित अर्ज छापायला घेतला तर कागद अडकला. बाहेर काढला तोवर पावणेदोन. ती म्हणाली, "राहू द्या, ठेसनावरच्या दुकानात काढतो." आणि गेली. माझ्या काटेकोरपणाचा तिच्यावर परिणाम झालेला दिसला.

१ डिसेंबर, शुक्रवार

बोर्ड लावून आठवडा. दुसरं कुणी आलं नाही. लोकांना दर्जा कळायला वेळ लागतो.

हुसेनभाई म्हणाले, "साहेब, बोर्डावरून ते 'तपासून' काढून टाका." म्हटलं, मग माझं काम काय उरलं? त्यांनी चहा दिला.

६ डिसेंबर, बुधवार

विहारात गेलो. मेणबत्ती लावली. दरवर्षी कौशल्या पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसते. लीलाबाई तिथली सतरंजी झटकत होत्या. विचारलं, "कौशल्याबाई कुठी हाय?" म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतेय. लीलाबाई म्हणाल्या, "मांगच्या वेळेसही असंच म्हणे तुमी."

मागच्या वेळी म्हणजे अशोक विजयादशमीला. तेव्हा मी 'लवकरच' म्हटलं होतं. 'पुढच्या आठवड्यात' नाही. लोक नीट ऐकत नाहीत.

खुलाशाला उत्तर नाही. स्मरणपत्र १.

१७ डिसेंबर, रविवार

पुस्तिकेप्रमाणे आठवड्यातून एकदा चाचणी पान काढायचं. मी रविवारी काढतो. मंगळवारी आणि शुक्रवारीही काढतो. खबरदारी. संध्याकाळी सहाच्या सुमारास काढलं की बरं पडतं. आतलं ते डावीकडून उजवीकडे फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं. स्वयंपाकघरात कुणीतरी काही करतंय असा आवाज येतो. मी बाहेरच्या खोलीत बसून पेपर वाचतो.

३१ डिसेंबर, रविवार

नव्या वर्षाचे संकल्प.
१. पहाटे पाचला उठणे. (साडेसहा चालेल. थंडी आहे.)
२. बसून जेवणे.
३. स्मरणपत्र २ न पाठवणे. झुकायचं ते मुद्दा नऊमध्ये झुकून झालंय. आता पाळी त्यांची.
४. अमरावतीला स्वतःहून न जाणे. गाडीने बडनेरा पाऊण तास, पुढे ऑटो. अंतराचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.
५. नातीचे सर्व फोटो छापून अल्बम करणे. एकूण दोनशे चाळीस झालेत. पिंकी रोज एक तरी पाठवते. खाली काही लिहीत नाही.

१४ जानेवारी २०१८, रविवार

संक्रांत. सकाळी खुर्शीदबींनी, म्हणजे हुसेनभाईंच्या पत्नीने, तिळाच्या वड्या आणून दिल्या. दरवर्षी कौशल्या त्यांना देते. यंदा त्यांनीच केल्या. फ्रिजवरचा फोटो बघून म्हणाल्या, "ये बच्ची को क्या हुआ?" म्हटलं, शाई. त्या म्हणाल्या, "भाईसाब, एक घंटे का रास्ता है. जाके देख लो ना. फोटू में कायकू देखते?" मी तत्त्वाचा मुद्दा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. म्हणाल्या, "अच्छा है. वडी खा लो, नरम है."

दुपारी पिंकीचा फोन. सोमवारी २२ तारखेला आई मूर्तिजापूरला येतेय. मैत्रीला घेऊन. म्हटलं, बरं. आवाज स्थिर ठेवला.

खुलासा लागू पडला. दोन महिने लागले, पण लेखी कामाला वेळ लागतोच. अर्धवट छापूनही लागू पडला, म्हणजे मसुदा किती पक्का असेल.

२० जानेवारी, शनिवार

घर झाडलं. प्रिंटर पिठाच्या कोठीवर पाहून ती चिडेल, म्हणून टेबलावर हलवला. वायफाय गेलं. परत कोठीवर. कोठी उघडली नव्हती जूनपासून. उघडली. पुन्हा लावून टाकली.

दोन उशांना नवे अभ्रे. लहान मुलासाठी काय लागतं कळेना. हुसेनभाईंनी छोटी गादी भरून दिली, हातभर लांबीची. म्हणाले, "औंदा एवढीच ऑर्डर." पैसे घेईनात.

स्टेशनवर न्यायला जावं का? नको. घरी राहून स्वागत करणं अधिक योग्य.

२२ जानेवारी, सोमवार

सव्वादहाला दाराशी ऑटो. मी बाहेरच उभा होतो. हवा खायला.

कौशल्या वाळलीय. केस कानामागे पांढरे झालेत. मुलगी कडेवर, टोपडं घातलेलं. हिरवी नाही. गव्हाळ. पिंकी त्या वयात होती तशीच, कपाळ सोडून. कपाळ माझं आहे. मी हात पुढे केले, तिने तोंड फिरवून कौशल्याच्या खांद्यात खुपसलं. कौशल्या म्हणाली, "वळख नाई अजून. होईन."

पाणी दिलं. चहा मी केला. ती खुर्चीच्या कडेवर बसून प्यायली. घर नजरेने फिरून आली. कोठीवर नजर थांबली, पुढे सरकली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "एक कागद काढून पाह्यजे होता. बाजारात दुकानं हाय, पन पिंकी म्हने बाबांजवळ प्रिंटर हाय, त्यायच्याकडूनच काढ." मोबाइल पुढे केला. मला वाटलं, खुलाशाचं उत्तर असेल. लेखीच दिलं म्हणजे कदर आहे.

अर्ज होता. शिधापत्रिकेतून नाव कमी करण्याबाबत. कमी करावयाचे नाव : कौशल्या धर्मपाल खंडारे.

मी दोनदा वाचला. म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "पिंकीच्या कार्डावर चढवाचं हाय. आता म्या तिथंच रायतो. तिची ड्युटी कधी दिवसाची कधी रातची, लेकराले कोन पाहीन?" म्हटलं, लेकरू मोठं होईल. ती म्हणाली, "होईन ना."

प्रिंटर सुरू केला. मनात म्हटलं, आज अडक बाबा. एक ओळ सोडून एक ओळ आली तर हा अर्ज कुणी घेणार नाही. पहिलं पान पट्टेरी आलं. मी म्हटलं, हे असंच आहे, नाही निघायचं. कौशल्या उठली, झाकण उघडलं, शाईचं नळकांडं बाहेर ओढलं, उलटं करून पाहिलं. "हे काय चिपकलं हाय?" खाली केशरी टेपचा अर्धा तुकडा. नखाने काढला. सतरावी टेप.

दुसरं पान स्वच्छ आलं. एकूण एक ओळ. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

प्रिंटर घरघरायला लागला तशी मैत्रीने मान वळवली. आतलं ते फिरतंय तिकडे तिचे डोळे, डावीकडे, उजवीकडे. कागद बाहेर सरकला तेव्हा ती खदखदून हसली. दात दोन. कौशल्याने तिला माझ्या हातात दिलं. तेवढ्या वेळात रडली नाही, कारण बघत प्रिंटरकडे होती. मी अजून एक पान काढलं. मग अजून एक. अर्जाच्या सहा प्रती झाल्या. कौशल्या म्हणाली, "पुरे."

मी विचारलं, माझं पत्र मिळालं होतं ना?

"भेटलं."

मग?

"एक ओळ दिसे, एक नाई. दिसे तेवढं वाचलं. पिंकीनंही वाचलं." मुलीला माझ्या हातून परत घेतलं. "तुमचं भाषन चालू होतं तवा पोरीले आत नेऊन रायले होते. डॉक्टरीन म्हने सही कोन करते, सुगत रक्त आनाले गेलता. म्या केली. आंगठा देऊ का सही करू, हेच सुचेना. तुमाले तीन फोन लावले."

म्हटलं, फोन सायलेंट होता. भाषण अकराच मिनिटांचं होतं.

"हो ना. अकराच." मग म्हणाली, "पत्रात कुठी माफी मांगतली असन, तर ते ओळ छापली नाई वाटते."

म्हटलं, आहे. मुद्दा नऊ. मूळ प्रत फाइलमध्ये आहे, दाखवतो. फाइल काढली. मुद्दा नऊ मोठ्याने वाचायला घेतला. 'तथापि, उपरोक्त बाबी विचारात घेता, आपणांस काही गैरसोय झाल्याचे वाटत असल्यास, सदर वाटण्याची नोंद घेण्यात आली आहे.'

मला वाटत होतं तिथे आणखी काही लिहिलंय. पान उलटून पाहिलं. दहा सुरू होतो.

कौशल्या मुलीचं टोपडं सारखं करत राहिली. म्हणाली, "नोंद घेतली, चांगलं झालं."

अर्जात एक रकाना रिकामा होता. 'नाव कमी करण्याचे कारण.' दाखवला. ती म्हणाली, "पिंकी म्हने काय लिवू. म्या म्हटलं राहू दे, तुये बाबा लिवतीन. त्यायले लिवता येते."

पेन घेतला. मृत्यू नाही. विवाह नाही. स्थलांतर लिहावं तर ते कामासाठी परगावी जाणाऱ्यांचं असतं. 'इतर' लिहिलं की तपशील द्यावा लागतो. ती वाट बघत उभी होती. मी रकाना सोडून खाली कार्डधारकाची सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ.

तिने कपाटातून स्वेटर घेतलं, शिलाई मशीनच्या बॉबिनांचा डबा घेतला. छोटी गादी पाहिली. "हे कोनाची?" मग तीही घेतली. जेवायला थांब म्हणणार होतो, पण जेवण उभ्याचं. दारात म्हणाली, "येत जा. पिंकी वाट पाह्यते. बोलत नाई, पन पाह्यते." म्हटलं, बघतो. अर्ज आणि कार्ड तिने जाता जाता तहसील ऑफिसात दिलं.

उरलेल्या पाच प्रती फाइल केल्या.

२३ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. काळजीचं कारण नाही. कारणाचा रकाना कोरा असलेला अर्ज नियमाने पुढे जाऊच शकत नाही. त्रुटी निघते. अर्जदाराला समक्ष बोलावतात. म्हणजे कौशल्याला पुन्हा मूर्तिजापूरला यावं लागणार. तेव्हा जेवायला थांबवायचं. मुद्दा नऊही तोवर नव्याने लिहून ठेवायचा, या वेळी साध्या भाषेत.

कोरा ठेवला तो मी हेतुपूर्वकच, असं आता लक्षात येतंय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मुद्दा नऊचे चार मसुदे. पहिला शासकीय. दुसरा लांब. तिसऱ्यात 'मी घाबरलो होतो' असं आलं, ते खोडलं. ऑफिसचा एक माणूस हार घालताना रडला आणि मला वाटलं उद्यापासून मला कोण विचारणार, म्हणून मी माइक सोडला नाही, हे लिहिण्यासारखं नाही. चौथा कोरा आहे. प्रिंटर आता उत्तम चालतो.

पिंकीने मैत्रीचा व्हिडिओ पाठवला. छोट्या गादीवर पालथी पडलीय. अकरा वेळा पाहिला. आवाज नाही त्यात.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

त्रुटीचं पत्र कसं आलं नाही? वीस दिवस होत आले. आमच्या वेळी आठव्या दिवशी जात असे. कामाचा ताण असणार, बोंडअळीच्या अर्जांचे ढीग आहेत म्हणतात. पुढच्या आठवड्यात समक्ष जाऊन लक्षात आणून देईन. कौशल्याला कळवण्याची जबाबदारी मी घेईन. सोमवारीच ये म्हणेन, म्हणजे पिंकीची सुट्टी असेल तर तीही येईल. खुर्शीदबींना भाजी सांगून ठेवली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा वाजता ऑफिसात गेलो. खिडकीवर एक तरुण मुलगी. नाव सांगितलं. ती म्हणाली, "झालं ना काका तुमचं. कवाचंच झालं. कार्ड न्यालेच कोनी आलं नाई."

कार्ड दिलं. कौशल्याच्या नावावर लाल रेघ. पट्टी लावून मारलेली, सरळ. बाजूला सही, शिक्का. तारीख २९ जानेवारी. एकूण व्यक्ती : दोनवर काट मारून एक.

म्हटलं, मूळ अर्ज पाहू. तिने गठ्ठ्यातून ओढून काढला. माझ्याच प्रिंटरचा, स्वच्छ. कोपऱ्यात बरोबरची खूण. कारणाचा रकाना तसाच कोरा. म्हटलं, ताई, इथे कारण नाही. यात त्रुटी काढायला हवी होती. अर्जदाराला बोलवायला हवं होतं.

ती म्हणाली, "कारन कोन वाचते काका? सही हाय ना तुमची."

मी तिथेच उभा राहिलो. तिला काय वाटलं कोण जाणे, खिडकीतून पेन पुढे केला. "लिवाचंच असन तर लिवून टाका. जागा हाय."

पेन घेतला. मागे लाइन होती. कुणीतरी म्हणालं, "होऊ द्या ना बुवा लवकर."

पेन परत दिला.